हेडसेटला ऊन दाखवलं!

नाही, पुसा ना! पुसा! माझं काही म्हणणं नाही, पण कशानं पुसायचं ते एकदा सगळ्यांनी बसून ठरवा की हो! एक म्हणतो ओल्या फडक्यानं, दुसरी म्हणते कोरड्या फडक्यानं, तिसरा म्हणतो शर्टालाच पुसा, काय होतंय... आणि हे करायचं कुणी? मी!

तुम्हाला सांगतो, तो व्हीआर हेडसेट असतो ना, डोळ्यांवर बांधायचं खोकं, आत बघितलं की आपण खोलीत नसतोच, एकदम बागेत नाहीतर आभाळात... तो आमच्या ताईच्या नशिबी आला. म्हणजे माझ्याच. झालं काय, ताई पाय घसरून पडली, उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना! ताई शाळेत विज्ञान शिकवते. मुख्याध्यापक भेटायला आले, बिस्किटं खाल्ली आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, सुट्टी संपेपर्यंत हात वर गेला तर वर्ग तुमचाच. नाहीतर आपलं ऑफिस आहेच की, पंख्याखाली बसा, शिक्के मारा." शिक्के! जिच्या नुसत्या खाकरण्यानं मागच्या बाकावरची पोरं सरळ बसतात, तिनं शिक्के मारायचे? त्या दिवशी जेवताना ताई एवढंच म्हणाली, "तारीख फळ्याच्या अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहायची असते रे."

म्हणून गेलो व्यायामाच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काही नाही, खेळायचं! हा हेडसेट घालायचा, फुगे येतील, हात वर करून फोडायचे." सोपं वाटतं ना? अहो, आमच्या आधी नंबर कुणाचा? पैलवानाचा! पैलवान म्हणजे आपलं आम्ही ठेवलेलं नाव, माणूस कपाटं उचलायचं काम करतो, मान आखडलीय बिचाऱ्याची, स्वभावानं देवमाणूस, पण घाम! हेडसेटचं पॅड पिळलं असतं तर पेला भरला असता! आणि तसाच तो हेडसेट हसत हसत ताईपुढे धरला, "घ्या ताई, अजून गरम आहे!"

ताई दोन पावलं मागे. "उष्टा आहे तो!"

"अहो ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उष्टं अन्न असतं. हे उपकरण आहे."

"आणि घाम? घाम उष्टा नसतो वाटतं? मी कुणाचा उष्टा घाम तोंडाला लावणार नाही. हात नाही वर गेला तरी चालेल!"

चालेल? कसं चालेल? शिक्के मारणार का? आणि पुसापुशी करणाऱ्या मावशी नेमक्या रजेवर. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे करायचं कुणी? मी!

म्हटलं, जंतू मारायचे तर पुरते मारू. सॅनिटायझर उचलला आणि भिंगांवर धरून दाबणार, तोच डॉक्टरीणबाई किंचाळल्या, "अहो थांबाऽऽ! भिंगांवरचा लेप जाईल!" मग मला शिकवणी. भिंगांना फक्त कोरडं मऊ फडकं, चष्म्याचं असतं तसलं, मधून बाहेर, गोल गोल, हलक्या हातानं. तोंडाला लागतं ते रबरी कव्हर सोडवायचं, धुवायचं, वाळवायचं, ओलं चढवायचं नाही. अहो, माझ्या लग्नात माझं तोंड कुणी इतकं जपून पुसलं नव्हतं! शेवटी दवाखान्यातल्या दोन हेडसेटांपैकी एक ताईपुरता वेगळा काढला, कव्हरही कोरं आणलं. तेव्हा कुठे बाईसाहेबांनी डोकं पुढे केलं.

डोकं पुढे केलं, पण बसतोय कुठे? "नाक चेपतंय!" पट्टा आवळला. "डोकं दुखतंय!" ढिला केला, तर हेडसेट घसरून हनुवटीवर! मग चष्मा अडकला, मग अंबाडा अडकला... मग कळलं, पट्टा मागे डोक्याच्या खाली नीट बसवायचा, भार तिकडे घ्यायचा, पुढे नुसता टेकवायचा. झालं? कसलं! पाच-पन्नास फुगे फोडले की घाम, घाम आला की वाफ. "अरे, धुकं पडलंय!" म्हटलं, "खेळातलं का?" "नाही रे, माझं!" मग मी पंखा धरून उभा. मधेच थांबायचं, तोंड पुसायचं, भिंगं पुसायची, पुन्हा बांधायचं...

आणि एवढं करून हात? खांद्यापर्यंत यायचा आणि "आई गं!" वरचे फुगे आपले मजेत निघून जायचे. सुट्टी संपत आलेली. ताई घरी भिंतीशी उभी राहून हात कुठवर पोचतो ते हळूच बघायची, आणि मी आलो की केस सारखे केल्याचं नाटक करायची. ते पण डाव्या हातानं!

तर एक दिवस ताई म्हणाली, "ह्याला कुबट वास येतोय." आता कुबट वासावर आमच्या घरात औषध एकच. गादी कुबट? ऊन दाखव! डाळीत किडे? ऊन दाखव! लहानपणी मला सर्दी झाली तरी ताई म्हणायची, "ह्याला जरा ऊन दाखवा." मी दवाखान्याच्या खिडकीत चांगलं खणखणीत ऊन बघून हेडसेट ठेवला, आणि ठेवला तो भिंगं वर करून, म्हणजे ऊन कसं आतपर्यंत जावं! गेलं हो... आतपर्यंत गेलं!

"जळलाऽऽ!" डॉक्टरीणबाई. "आतला पडदा जळला!"

"अरे गाढवा!" ताई. "भिंगानं कागद जाळायचा प्रयोग शाळेत करायच्या आधी दरवर्षी तुझ्या पुढ्यात करून बघते ना मी?"

"पण ताई, मी कागद कुठे ठेवला होता?"

दुसरा हेडसेट पैलवानाच्या डोक्यावर, टपटप गळतोय. ताईनं एकदा तिकडे बघितलं, एकदा इकडे. म्हणाली, "उष्ट्यापेक्षा जळका परवडला. बांध!"

बांधला. फुगे सुरू झाले, पण ताईचं फुग्यांकडे लक्षच नाही! "हा कसला डाग? वर, उजव्या कोपऱ्यात?" म्हटलं, "ताई, तो पडद्यावरच..." "तू गप्प बस!" आणि डस्टर धरल्यासारखा हात उचलला! आता गंमत बघा, डाग पडद्यावर, आणि पडदा हिच्याच डोक्यावर, म्हणजे ही मान वर करी तसा डाग आणखी वर! ही पुसायला जाई, तो वर, ही त्याच्या मागे, "थांब मेल्या, पळतोस कुठे!" हात खांद्याच्या वर... कानाच्या वर... मी तोंड उघडणार तर डॉक्टरीणबाईंनी कचकन चिमटा काढला, बोलू नका म्हणून! मधे एकदा "आई गं" झालं, पण हात खाली आला नाही. कसा येईल? डाग राहिला होता ना!

खरं सांगतो, मला रडू आलं. ताईनं डाव्या हातानं हेडसेट कपाळावर सरकवला आणि वर बघितलं. स्वतःच्याच हाताकडे! "गेला रे वर," म्हणाली. "गेला ताई." आणि त्याच हाताचा दणकून धपाटा माझ्या पाठीत, "पण जाळलास कशाला?" काय धपाटा होता महाराजा! वरून आला होता ना!

आता रोज थोडा थोडा वर जातोय. डॉक्टरीणबाई म्हणतात, शाळा उघडेपर्यंत फळ्यावरच्या तारखेपर्यंत पोचेल. मला वाटलं, चला, सुटलो. तर पैलवान हळूच जवळ आला, "दादा, मलाही एक डाग पाडून द्या ना!" म्हटलं, डॉक्टरीणबाई आता ह्याला फाडून खातील. तर त्या इकडेतिकडे बघून म्हणतात कशा, "ह्यांच्या मानेला डाव्या कोपऱ्यात हवा. तुमचा हात बसलाय आता."

तेव्हा हेडसेट मांडीवर घेऊन सकाळपासून खिडकीत बसलोय. पुसलाय, वाळवलाय, कव्हर काढलंय... आणि आभाळ गच्च भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही! पण बसायला तर हवंच. नाहीतर हे करायचं कुणी?... मीच की!