काय पिकतं इथं?

न्हाय, पण मी म्हणतो, आषाढात कुणी खळं बघायला येतं काय हो? तुमीच सांगा! मासळी सुकवायचं खळं ते, मार्गशीर्षात बघावं, दोरीवर बोंबील असे दाट लटकलेले, की पलीकडचा माणूस दिसायचा न्हाय! आणि कचेरीचा कारकून आला कधी? भर आषाढात! डोईवर छत्री, मागं मोजणीची साखळी धरणारे दोन गडी... होड्या वर ओढलेल्या, दोऱ्या-बांबू काढून घरात ठेवलेले, खळ्यात चिखल आणि एक बेडूक. आणि हा नाकाला रुमाल लावून आमच्या शिवदासला इचारतो, "काय पिकतं इथं?"

आता शिवदास म्हंजे माझा शेजारी, अख्खा जन्म दर्यावर गेलेला, खोटं ठाऊक न्हाय. इचारलं त्याचं उत्तर दिलं! "पिकतंय काय, सायेब? गवताची काडी न्हाय!" आणि वर हसला, येडा! कारकुनानं लिवलं, 'पडीक'.

झालं! गाव वाढतंय म्हणे. मुंबईचे शेट बोटीनं रेवसला उतरतात, त्यांना हवा पायजे, हवेला बंगले पायजेत, बंगल्यांना जागा पायजे, म्हणून गावाला नवे कायदे, नवा नकाशा! दसऱ्याला चावडीत लावला. शेतं हिरवी, रस्ता पिवळा, पडीक तेवढं गुलाबी. आणि गुलाबी म्हंजे बंगले!

शिवदास गयावया करतो, "सायेब, वीस वर्सं बायको सारवते हो ते! बोंबील सुकवायचे कुठं, डोक्यावर?" तर कारकून नाकातून, "हरकत घ्यायची मुदत संपली. आणि उत्तर तुमचंच ना?" इचारलं त्याचं उत्तर दिलं!

बरं, बायको भांडली असती तर बरं झालं असतं. केसरच्या शिव्या तीन आळ्यांत ऐकू जायच्या हो! ती गप. एकदम गप. रोज सकाळी शेणाचं टोपलं घेऊन जाते, आणि बंगल्याच्या खुंट्या मारल्यात ना, त्या खुंट्यांच्या मधून सारवत बसते... शिवदास लांबून बघतो. मला म्हणतो, "दादा, तिला सांग, चार शिव्या तरी दे." आणि रडला! वादळात शीड फाटलं तवा रडला न्हाय हा माणूस. मलाच रडू आलं.

काल मातर केसर चावडीत आली; शिवदास नि मी तिथंच होतो. नकाशा बघितला, एका काळ्या चौकोनावर बोट ठेवलं. "ह्ये काय?"

कारकून म्हणाला, "स्मशान. राखीव. याला कुणी हात लावायचा नाही."

"आणि तिथं काय पिकतं, त्ये कुणाला इचारलंत?"

कारकून छत्री शोधायला लागला... चावडीत छत्री! केसरनं पदर खोचला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली,

"चला घरी. आपली जागा राखून ठेवलीय त्यांनी."