वळणावरची रेघ

इद्रिया गावच्या दवाखान्यात चार खुर्च्या होत्या आणि दोनच माणसं: पाऱ्याच्या खाणीतला निवृत्त कामगार वेन्त्सेल आणि त्याची बायको झोफ्का. तपासणीचा कागद घेऊन आलेली नर्स तान्या दाराशीच थबकली.

“अगं, वाटीतला पारा आठवतो? त्यावर खिळा तरंगवला आणि तू भाळलीस.”

“खिळ्यावर नव्हे. एवढी जड वाटी धरूनही तुझा हात जरासुद्धा हलला नव्हता.”

“तोच पारा मेंदूत शिरला, म्हणून हात थरथरतो म्हणतात.”

“आज रेघ काढताना घाई करू नकोस.”

“मागच्या वर्षी चारदा वळणाबाहेर गेली. आजही चारदाच चुकली, तर दुखणं तिथंच थांबलंय.”

“मग लेस विणताना माझा दोरा तूच धर.”

“अजून भरवसा आहे वाटतं?”

तान्याने कागद पुढे ठेवला. छापील वळणावरून त्याने सावकाश पेन फिरवलं.

रेघ अकरा वेळा बाहेर गेली.