राऊतकाका आणि माझ्या आईचा फोटो

सुनंदाकाकू, काकांच्या दोन्ही लेकी, काकांच्या माहीम गावाहून आलेली मंडळी, आणि दर रविवारी काकांच्या स्टुडिओत जमणारे आपण सगळे.

एवढे सगळे आलात. काकांना बरं वाटलं असतं. मला माइकसमोर बोलायची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली तांडेल. मुरब्याची. बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला आहे. पालघर स्टेशनजवळच्या काकांच्या स्टुडिओत मी गेले ती पासपोर्ट फोटो काढून घ्यायला. फोटो निघेपर्यंत मोबाइलमधला आमच्या किनाऱ्याचा फोटो त्यांना दाखवला. काकांनी चष्मा वर केला. म्हणाले, "उजेड छान पकडलायस. पण समुद्र डावीकडं सांडतोय की गं! क्षितिज सरळ कर. रविवारी ये."

गेले. आणि जातच राहिले.

तुम्हाला त्यांची पद्धत माहीत आहे. आधी विचारायचे, "काय बघून थांबलीस?" मग जे चांगलं आहे ते सांगायचे. मग एकच चूक. एकच. कुणी दुसरी काढायला गेलं, की म्हणायचे, "थांब. एक पचू दे." आणि मग टेबलावर यायच्या त्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या. फोटोवर ठेवून सरकवायचे. इकडून थोडं कमी, वरून थोडं कमी. आणि त्याच फोटोतून वेगळाच फोटो वर यायचा.

पण मी आज सांगणार आहे ते आमच्या भांडणाचं. हो, काकू, भांडणच.

आमच्या छोट्या प्रदर्शनासाठी मी एक फोटो नेला होता. मुरब्याचा किनारा, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, वर मोठं आकाश. आणि अगदी डाव्या कडेला, बोटाएवढी, एक बाई. काकांनी पट्टी सरकवली आणि बाई झाकून टाकली. म्हणाले, "ही कडेला आहे. नजर बाहेर घेऊन जाते. काढ."

मी म्हणाले, "काका, ती माझी आई आहे."

"असेल. बघणाऱ्याला ते कुठं माहीत आहे?"

बरोबरच होतं त्यांचं. पण मला ते लागलं. फोटो उचलला आणि निघाले. चार रविवार मी स्टुडिओत गेले नाही. फोन आला, उचलला नाही.

पाचव्या रविवारी काका स्वतः मुरब्याला आले. रिक्षातून उतरले, थेट किनाऱ्यावर. आई बोंबील लावत होती. तिला नमस्कार करून म्हणाले, "बाई, मी तुम्हाला फोटोतून काढलं होतं. तुमची लेक रागावलीय."

मी घरातून तो फोटो आणला. आईनं तो हातात घेतला. बराच वेळ बघितला. आणि म्हणाली, "बोंबील हायेत, बांबू हायेत. आनि ते लावनारीच नाय? मग हा फोटू कसला?"

काका वाळूत बसून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "चुकलं माझं. काढायचं होतं ते आकाश. पण वैशाली, तू हिला इतक्या लांबून का घेतलंस? इतकी कडेला का? लाज वाटते तुला?"

मंडळी, कंपनीत मी कुणालाही सांगितलं नव्हतं, की माझी आई बोंबील वाळवते. डबा उघडतानासुद्धा मी वास येईल म्हणून बिचकायचे. एवढं सगळं त्या माणसाला एका फोटोतून दिसलं. मी रडले. त्यांनी फक्त आपला कॅमेरा माझ्या हातात दिला.

मी जवळ गेले. गुडघ्यावर बसले. आई म्हणाली, "अगं, पदर नीट करू दे." तो पदर नीट करतानाचाच फोटो आम्ही लावला. प्रदर्शनात आई फोटोसमोर उभी राहिली आणि तिनं काकांना विचारलं, "आकाश कुठं गेलं?" काका म्हणाले, "आकाश रोजचंच हाय, बाय." त्यांच्या तोंडून आमची बोली ऐकून आई लाजली. दुसऱ्या दिवशी मी कंपनीतल्या सगळ्या बायकांना तो फोटो दाखवला. म्हणाले, ही माझी आई.

पुढं काकांना काचबिंदू झाला. नजर जात राहिली. आम्हाला वाटलं, रविवार बंद. पण ते म्हणाले, "आता तुम्ही फोटो मला सांगायचे." आम्ही सांगायचो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "सांगताना जे राहून गेलं, ते कापून बघ." दहातल्या आठ वेळा फोटो सुधारायचा. हसू नका, खरंच सुधारायचा.

पंधरा दिवसांपूर्वी मी माहीमला त्यांच्या घरी भेटायला गेले. ओटीवर बसले होते. अंगात ताकद नव्हती. तरी विचारलं, "समोर काय दिसतंय?"

मी सांगितलं, "पोफळींमधून उन्हाचा एक पट्टा आलाय. त्यात काकू बसल्यात, पाठमोऱ्या. केस वाळवतायत."

काका म्हणाले, "बस. आता गप्प राहा. मला बघू दे."

काकू, तुम्हाला हे माहीत नाही. तुम्ही वळलाच नाहीत. पण त्यांचा चेहरा बरोबर तुमच्याकडं होता. कितीतरी वेळ.

मी तेव्हा गप्प राहिले. आता आपण सगळे उभे राहू या, आणि दोन मिनिटं गप्प राहू या.

काका, बघा निवांत.