पत्राखालची सही

— नाही हो काका, नंबर गेला नाही माझा, खिडकीवरनं परत पाठवलं. निमंत्रणाच्या पत्राखाली माझी सही नाही म्हणे. पाहुण्यानं पत्र वाचायचं आणि खाली सही करायची, असा ह्या वकिलातीचा नियम. पेन आहे का? — असू दे, सावकाश शोधा. बारापर्यंत उघडी आहे खिडकी. बारा वाजले की मात्र पुढची तारीख दीड महिन्यानं. तुम्ही आपल्याकडचेच ना? फायलीवरची अक्षरं बघून ओळखलं. बरं वाटलं. अकरा वर्षं झाली मला ह्या देशात, कपडे दुरुस्तीच्या दुकानात — पँटा आखूड करायच्या, चेन बदलायच्या — दिवसभर ह्यांच्या भाषेत बोलून जीभ आखडते नुसती.

निमंत्रण कुणाचं? धाकट्या बहिणीचं. आता सांगा, पोटच्या पोरीनं आईला भेटायचं तर बहिणीचं निमंत्रण लागतं! बाबा गेले तेव्हा माझा इथे राहायचा परवाना एकटीचा, आईला इकडे आणता येईना. हिच्या नवऱ्याची तिकडे, ही वकिलात ज्यांची त्या देशात नोकरी, मोठं घर — घेऊन गेली. मला विचारलं का? विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. मीच म्हटलं, ने. पण जळफळाट व्हायचा तो झालाच. रोज फोटो — आई बागेत, आई नव्या कोटात. आणि कोटाची बाही इतकी लांब की आईची बोटंसुद्धा दिसत नाहीत! मी इथे अख्ख्या गावाच्या बाह्या आखूड करते आणि माझी आई तशी हिंडते. सांगितलं तर म्हणते, ताई, तेवढी थंडीला बरी. फोन लावला तरी बोलते कोण? हीच. आई दमलीय, आईला झोप आलीय, आई नंतर बोलेल. बोलूच देत नाही बया! एकदा तोंडावर म्हटलं, आईला पळवलंस तू. फोन ठेवला तिनं. ठेवणारच, खरं झोंबतं.

मागच्या खेपेला काय केलं मी — सांगू? हसू नका. फॉर्मात रकाना होता, त्या देशात जवळचं कोण आहे. मी लिहिलं, फक्त आई. बहीण लिहिलीच नाही. तिच्या जिवावर जायचंच नव्हतं मला! आणि आईचा पत्ता म्हणून दिला तो हिच्याच घराचा. माहिती दडवली म्हणून व्हिसा नाकारला. दुकानात सांगितलं, कागद कमी पडले. तुम्हाला का सांगतेय कुणास ठाऊक. आता आई पडली, खुब्याचं ऑपरेशन आहे एकोणीस तारखेला, म्हणून झक मारत पत्र मागवलं. आलं तसं फायलीत सारलं. वाचणार कोण तिचा मोठेपणा?

पण सही करायची तर वाचायला हवं. थांबा, चष्मा... हं, ऐका, तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. 'राहण्याची सोय माझ्या घरी' — बघा, म्हटलं नव्हतं? माझ्या घरी! 'बोलावण्याचं कारण'... 'आईला वर्षभरापासून माणसं ओळखू येत नाहीत. मला ती कामाला ठेवलेली बाई समजते. मी भरवलं तर खात नाही, हाक मात्र थोरलीला मारते. ऑपरेशननंतर थोरली समोर असली तर जेवेल, असं डॉक्टरांना वाटतं.'

थोरली म्हणजे मी, काका. मला हाक मारते! तिला नाही, मला! एवढं सगळं करून ती बाई, आणि मी — हसतेय का मी? हसतेय ना? वर्षभर... वकिलातीला सांगितलं हिनं, मला नाही सांगितलं. कसं सांगेल, मी 'आईला पळवलंस' म्हणाले होते. रोज परकी होऊन आईपुढे घास धरत असेल ती, आणि ते ऐकून मला झालं काय, तर आनंद. पाहिलंत तुम्ही, माझं तोंड पाहिलंत — नाही, काही बोलू नका. उठा, तुमचा नंबर लागला बघा. नसला लागला तरी उठा काका, तिकडे जाऊन बसा जरा.