सहावी बाटली

सन्माननीय अध्यक्ष महाशय, प्राचार्य साहेब, प्रमुख पाहुणे, प्राध्यापक मंडळी आणि खास सवड काढून आलेल्या पालकहो,

एकतीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून राबले, पण माईक हातात आजच आला. लोकरीची शाल पांघरलीत, आभारी आहे. पण भाषण राहू दे. सकाळी दापोलीला गेलेल्या सहलीच्या पाण्याच्या खोक्यात कॉस्टिक सोड्याची एक बाटली गेली असावी.

मघाशीच साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मथुराबाई, कार्यक्रम होऊ दे. पातळ सोडाच तो."

साहेब, मान राखून सांगते, तुम्ही इतिहासाचे. ह्या शालीचा धागा त्या सोड्यात गरम केला ना, तर आधी पिवळा पडून फुगतो, मग बुळबुळीत होतो. थोड्या वेळाने परीक्षानळीत काही उरत नाही. सुताचा धागा मात्र तसाच. का? लोकर म्हणजे प्रथिनं. त्यांच्या साखळ्या एकमेकींना धरून ठेवणारे गंधकाचे दुवे सोडा तोडतो, मग साखळ्याच कापतो. आणि घसा कशाचा असतो हो? सुताचा? घसा तर गरम करायलाही लागत नाही.

सोडा पाण्याच्या बाटलीत कसा, विचाराल. काचेच्या बाटलीचं काचेचं बूच सोड्याने असं चिकटतं की निघता निघत नाही. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं पाण्याच्या रिकाम्या बाटल्या वापरतो, वर चिठ्ठी डकवतो. आपल्या दमट हवेत चिठ्ठी सुटते. काल मी सहा भरल्या. पाच कपाटात आहेत. सहावी टेबलावर विसरले, तिथेच आणून ठेवलेल्या सहलीच्या बाटल्यांना लागून. सकाळी खोकं भरलं सहलीला निघालेल्या विद्यार्थिनीने, शमिकाने. त्या पोरीचा काय दोष? दिसायला पाणीच ते.

सोबत गेलेल्या निलेश सरांना चौदा वेळा फोन लावला. घाटात रेंज नाही. साडेअकरा वाजलेत, मुलं तहानली असतील. मला भीती वाटते हो!

शेवटी सगळ्यांचे आभार मानते. काही चुकलं असेल तर माफ करा, असंही म्हणायचं असतं. मी नाही म्हणणार. ही चूक माफ करू नका. ज्यांचं मूल त्या बसमध्ये आहे त्यांनी मुलाला फोन लावा, लागेपर्यंत लावा. खोक्यातलं पाणी कुणी पिऊ नका, एवढंच सांगा.

टाळ्या नकोत. सानवीच्या आई, रडायचं मागाहून. आधी फोन लावा.