सिंधुचे डोहाळे

— न्हाई न्हाई, आत नका जाऊ फरीदाबी, बांगड्यांची टोपली हितंच ओट्यावर ठिवा. सिंधु न्हाऊन राहिली अजून. हाव, न्हाऊन! टँकर चार दिसाला येतो, प्यायला थेंब न्हाई, पर धाकट्या जावंला सातवा लागला ना — तिला अख्खी घागर! मी आपली वल्ल्या फडक्यानं तोंड पुसते. लातूर जिल्हा झाला म्हून पेढे वाटले, पानी मातूर उस्मानाबादेलाच ऱ्हायलं वाटतं. हिरव्याच आनल्या ना? सासूबाईनं सांगावा धाडला आसंल. मोठ्या सुनंला कोन इचारतंय!

तुमच्यात न्हाई हे, हसाल तुमी — पर आमच्यात म्हन्तेत, सातव्यात जीव येतो पोटात. तवर नुसता गोळा. आन् जीव कुनाचा? घरातलंच गेलेलं मानूस माघारी येतंय. मागल्या उन्हाळ्यात माजी पंचफुला गेली ना, चार वर्साची, तिला मातीत ठिवायच्या आदी म्या कानामागं काजळाचं बोट वढलं. म्हन्लं, बाई, माज्याच पोटाला ये, ह्या खुनंवर वळखीन तुला. आन् ह्या सिंधुला परवा डोहाळा कशाचा लागावा? शिळी भाकर, काकवीत कुस्करून! माज्या पंचीचं खानं ते! सासूबाईनं टाळीच वाजवली — आली गं माजी नात, सिंधुच्या पोटी आली! तवापसून सगळं गाव त्येच म्हनून राहिलं, आन् ही मिरवून राहिली. जळते मी, हाव, जळते! नऊ म्हैने म्या वागवली, आन् माय म्हननार हिला? होऊ द्या बाळंत. पैला कान मीच बघनार. डाग दिसला की उचलून आननार माज्या घरात, मग बसू दे तिला बोंबलत.

हिच्याच पोटी कामून, म्हन्ता? ... म्हाईत हाय मला. तवा आठ दिस टँकर न्हवता. कोसावरून आनली घागर, आन् पंचीचा धक्का लागला — सांडली सगळी. म्या हानली तिला. लई हानली. अंगात ताप होता, मला काय ठावं? पानी मागू लागली, तर म्हन्लं, चाट ती जमीन. सिंधुनं आपल्या वाट्याचं वाटीभर पाजलं तिला. तिसऱ्या दिशी गेली. आता तुमीच सांगा, लेकरू कुनाकडं जाईल?

उठा, झालं वाटतं तिचं न्हानं. बांगड्या भरताना पोटाजवळ बसाल ना, तवा हळूच सांगा — माय आता मारत न्हाई म्हनाव...

न्हाई. ऱ्हाऊ द्या. कायबी सांगू नका. जा तुमी आत, भरा तिचा हात.