सड्यावरची घंटी

बसा असे पुढे, चुलीच्या उबेला. सायकली पडवीत घेतल्यात ना? बरं केलंत. उद्या तुम्ही सड्यावरून तिळवलीला जायचं म्हणताय, म्हणून सांगते. नाहीतर पाहुण्यांना ही गोष्ट मी सांगत नाही. ऐका.

दोन वर्षं झाली. असेच दिवस होते, भात कापून झालेलं. पुण्याहून पेंढारकर म्हणून नवराबायको आली होती. विद्याधर पेंढारकर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या पत्नी ललितावहिनी. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण हळूहळू. म्हणून आठ दिवस आमच्या ह्या शेतघरात. सकाळी घावणे खाऊन निघायचं, दुपारी कुठेतरी नदीत पाय सोडून बसायचं, दिवेलागणीच्या आत परत यायचं. घाई कसली नाहीच.

त्यांची एक रीत होती. ते पुढे, त्या मागे. मान वळवली की सायकल दगडावर जाते, म्हणून ते मागे बघायचे नाहीत. घंटी वाजवायचे, दोनदा. ट्रिंग ट्रिंग. म्हणजे, आहेस ना? मागून वहिनी एकदाच वाजवायच्या. ट्रिंग. म्हणजे, आहे. शेतात काम करताना मला ते ऐकू यायचं. इतकं बरं वाटायचं हो ते ऐकून!

पाचव्या दिवशी त्यांनी सड्यावरचा रस्ता धरला. सडा म्हणजे हे वरचं कातळाचं माळरान. उंच झाड नाही, घर नाही, सगळीकडे सारखंच. निघताना मीच त्यांना सांगितलं. मीच! म्हटलं, "दिवस असेपर्यंत परत या. तिथे चकवा आहे. तो वाट फिरवतो. आणि अंधारात कुणी हाक मारली तर ओ देऊ नका. वाट सापडेनाशी झाली, तर आहात तिथे खाली बसा. कोंबडा आरवेपर्यंत हलायचं नाही."

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "अहो काकी, तेहतीस वर्षं मी हाका मारतेय, ह्यांनी एकदा तरी पहिल्या हाकेला ओ दिलीय का? चकवाच थकेल!"

"पाहा, घरातच सराव झालाय माझा," पेंढारकर म्हणाले.

हसत हसत गेली दोघं.

तिळवलीत जेवली, आणि मग पेंढारकरांची सायकल पंक्चर झाली. पंक्चर काढणारा बाजाराला गेलेला. तो येईपर्यंत दिवे लागले. लोक म्हणाले, राहा आज. खालच्या रस्त्याने जा म्हणाले. खालचा रस्ता सात किलोमीटर जास्त, आणि वहिनींचा गुडघा सुजलेला. सड्यावरून अर्ध्या तासाची वाट. म्हणून निघाली. अंधार पडल्यावर निघाली!

शार्दूल, हसू नकोस रे. पुढे ऐक.

चढ संपला. सडा लागला. वहिनींच्या सायकलचा दिवा मिणमिणत होता, तो गेला. पेंढारकर म्हणाले, "माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेव." निघाले. ट्रिंग ट्रिंग. मागून ट्रिंग. थोडं पुढे गेले. ट्रिंग ट्रिंग. मागून ट्रिंग. वाटेत एक काजूचं झुडूप लागलं, वाकडं, फांदी तुटलेली. ते ओलांडलं.

परत ट्रिंग ट्रिंग. उत्तर आलं. पण कुठून? पुढून!

त्यांना वाटलं, कातळावर आवाज फिरला असेल. शिकलेला माणूस. पुढे गेले. काजूचं झुडूप. तेच! फांदी तुटलेली. आणखी पुढे गेले. परत तेच झुडूप! आता घंटी वाजवली तर उत्तर डावीकडून. मग उजवीकडून. मग दोन्हीकडून एकदम! ते थांबले. मागे वळले. मागे कुणी नाही. वहिनी नाहीत. "ललिता! ललिता!" फोनला तिथे रेंज नाही, आजही नाही.

आणि मग पुढे त्यांना दिसला लाल दिवा. सायकलचा. वहिनींच्या पाठीवर त्यांची पिवळी ओढणी, हळूहळू पायडल मारताहेत. "अहो, या ना. हे काय घर आलंच." आणि खरंच, खाली आमच्या ह्या पडवीतला दिवा. मी उभी आहे म्हणे दारात! हे बेभान होऊन मागे. पुढे लाल दिवा, मागे हे. आणि चाकाखालून एक दगड निसटला. खाली गेला. कितीतरी वेळाने आवाज आला, ठक्.

ब्रेक दाबला होता म्हणून वाचले. पुढचं चाक कड्यावर, अर्धं हवेत. खाली दरी. ना घर, ना दिवा.

तेव्हा त्यांना माझं बोलणं आठवलं. तसेच मागे सरकले, सायकल आडवी टाकली, आणि बसले. बसले ते बसलेच.

मग त्यांच्याभोवती सायकल फिरायला लागली. दिसत काही नाही. गवत चिरडल्याचा आवाज तेवढा. गोल गोल. "अहो, उठा. अहो, गुडघा दुखतोय माझा." ह्यांनी कान दाबून धरले. बाळांनो, विचार करा. तिच्याच आवाजात! तेहतीस वर्षांचा आवाज!

आणि मधूनच लांबून, अगदी बारीक, घंटी. ट्रिंग ट्रिंग. मग थांबायची. परत ट्रिंग ट्रिंग.

दोनदा. ते मनात म्हणाले, ललिता एकदाच वाजवते. दोनदा मी वाजवतो. ही ललिता नाही, हा मला फसवतोय. सायकल शेजारीच पडली होती. हात घंटीपर्यंत गेला. त्यांनी तो मागे घेतला. रात्रभर ती घंटी वाजत होती. पहाटेकडे थांबली.

कोंबडा आरवला. उजाडलं. त्यांच्याभोवतीच्या गवतावर एका सायकलच्या चाकाची वर्तुळं होती. एकात एक, वीस-पंचवीस. आत येणारी किंवा बाहेर जाणारी चाकोरी कुठे नव्हती.

ते धावत इथे आले. आम्ही समजत होतो, दोघं तिळवलीतच राहिली. माझे यजमान आणि वाडीतले सहा जण वर गेले. ह्यांच्या बसल्या जागेपासून दीडशे पावलांवर दगड काढायची जुनी चिरेखाण आहे. बंद पडलेली, कमरेएवढं पाणी साचलेलं. वहिनी तिथे होत्या. अंधारात ह्यांना शोधता शोधता सायकलसकट आत पडल्या होत्या. बरगड्या मोडलेल्या, ओरडायला श्वास नव्हता. एक हात सायकलच्या मुठीवर होता. गार पडल्या होत्या.

आपला माणूस उत्तर देत नाही म्हटल्यावर दुसरं काय करणार? त्याचीच खूण त्यांनी वाजवली. दोनदा. आहात ना?

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पहाटे चार-पाचपर्यंत जीव होता. वेळेवर काढलं असतं तर वाचल्या असत्या." मी ते कुणाला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतेय.

संध्याकाळी पेंढारकर ह्याच चुलीपाशी बसले होते. चहा निवून गेला होता. वर न बघता त्यांनी विचारलं, "काकी, तुम्ही इथल्या. तुम्हाला कळतं. ती लांबची घंटी कुणाची होती?"

मी म्हटलं, "त्याचीच. चकव्याचीच होती ती. वहिनी तर पडल्या तेव्हाच गेल्या होत्या."

त्यांनी मान डोलावली. चित्रकलेचे मास्तर ते, माणसाचे चेहरे वाचलेले. माझ्याकडे त्यांनी वर पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर मला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन घेऊन गेला. पुण्याला आता ते कुणाशी बोलत नाहीत, असं त्यानेच फोनवर सांगितलं.

चकवा कुणाला धरतो, कुणाला सोडतो, मला ठाऊक नाही. तो माणसाला मारतच नाही कधी कधी. आपल्याच माणसावरचा विश्वास तेवढा काढून घेतो, आणि मग माणूस जगतो.

म्हणून उद्या खालच्या रस्त्याने जा. सात किलोमीटर जास्त पडेल, पडू दे. मी डबा जास्त भरून देते. सड्याची वाट दिवसासुद्धा धरू नका, कारण दिवस कुठे संपेल हे पंक्चर झाल्यावर आपल्या हातात राहत नाही. माझ्यासाठी एवढं करा. मला परत कुणाला तसं उत्तर द्यायला लावू नका.